एकशे बारावा भाग

दिवेवाल्या पोराच्या भुवईवर व्रण आहे.
डाव्या.
एकशे अकरा भाग डाव्याच,
एकशे बाराव्यात उजव्या,
आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा डाव्या,
जसं काही घडलंच नव्हतं.

कागदावर खपून गेलं.
पन्नास वर्षांत कुणी हरकत घेतली असेलच
तर पोस्टकार्डावर,
आणि ती पोस्टकार्डं प्रकाशकाच्या गोदामात भिजून
केव्हाच लगदा झाली.
माझ्या स्क्रीनवर मात्र पोरगं गोल फिरतं.
बोट हलवलं की मान वळते,
मानेमागचा खड्डा दिसतो, जो आजवर कुणी काढला नव्हता,
तो मी केला, माझ्या धाकट्या भावाचा बघून.
सतरा हजार केस, एकेकाला वाऱ्याची समज.
ज्याला सगळ्या बाजू असतात
त्याच्या व्रणाला एकच जागा लागते.

दिग्दर्शक म्हणाले,
विचार कुणाला तरी, त्या काळातलं कोणी उरलं असेल तर.

उरलं होतं. हिराबायाशी तोमोए,
वय अठ्ठ्याहत्तर, इथेच नेरिमात,
स्टुडिओमागच्या कोबीच्या शेतापलीकडे.
मास्तरांकडे अकरा वर्षं.
समुद्र त्यांचा, पावसाच्या रेघा त्यांच्या,
बंदरावरची गर्दी, दोरखंड, माशांचे खवले त्यांचे.
चेहरे मास्तरांचे.
मुखपृष्ठावरचं नाव अर्थात मास्तरांचं.

चष्मा पुसत बराच वेळ त्या पान बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, हो, हा मीच काढलाय.

मास्तर तापाने फणफणलेले.
संपादक दारात बसलेला, बूट न काढता,
म्हणजे जाणार नाही आणि चहाही घेणार नाही.
पहाटेचे चार, एकोणीस चेहरे बाकी.
न्हाणीघरातला आरसा काढून आणला,
टेबलावर शाईच्या बाटलीला टेकवला
आणि भ्यायलेलं माणूस कसं दिसतं ते बघत बघत
पोराला काढत गेले.
सकाळी संपादक म्हणाला, मास्तर आज फॉर्मात आहेत.

एवढं सांगून त्यांनी कपाळावरची पांढरी बट मागे सारली.
डाव्या भुवईवर,
तांदळाच्या दाण्याएवढा,
व्रण.
लहानपणी देवळाच्या पायऱ्यांवरून पडले, म्हणाल्या.
आरशात बघून काढलेलं उलटंच उतरणार ना.

मी मनात हिशेब केला.
त्या मास्तरांकडे आल्या बावीसाव्या वर्षी.
पोरगं जन्मलं त्यानंतर तीन वर्षांनी.
मग विचारलंच,
व्रण आधी तुमचा, की त्याचा?
त्यांनी माझ्या पेल्यात बार्लीचा चहा ओतला,
काठोकाठ,
उचलता येऊ नये इतका.

परत आलो. तोंडावर गार पाणी मारलं.
एकशे बाराव्या भागापुरता व्रण उजवीकडे नेला,
आणि फाइलच्या नावातच लिहून ठेवलं,
चूक नव्हे, कुणी दुरुस्त करू नये.
तरी दोनदा कुणीतरी दुरुस्त केलं.
दोनदा परत नेला.
एक चौकट रेंडर व्हायला अकरा तास लागतात.
एकोणीस चेहरे, एका पहाटेत.
काय बोलणार.

श्रेयनामावलीत त्यांचं नाव यावं की नाही,
यावर दोन कंपन्या, मास्तरांचा एक पुतण्या
आणि तीन वकील अजून बोलताहेत.

काल फोन केला, हे सांगायला.
ते त्यांनी ऐकून घेतलं, जसं हवामान ऐकतात तसं.
मग जरा थांबून विचारलं,
तो डोळे मिटतो का हो?
मिटतो की, म्हटलं, दर चार सेकंदांनी. ओलसर चमकही आहे.
बराच वेळ पलीकडे
फक्त केटलीचा आवाज.
बरं झालं, म्हणाल्या.
आम्ही त्याला पन्नास वर्षं
टक्क उघडेच ठेवले होते.